डिफरेन्शियल टिकवायचं असेल तर: गिअर ऑइल निवडणं, बदलणं आणि निघालेलं ऑइल वाचणं

ताकदीची गाडी बाळगणारा माणूस इंजिन ऑइलबद्दल तासभर बोलू शकतो. कोणता ग्रेड, कोणता फिल्टर, किती किलोमीटरला बदललं, सगळं तोंडपाठ असतं. त्याच माणसाला मागच्या डिफरेन्शियलमध्ये (थोडक्यात डिफ: दोन चाकांमधला दातेरी चाकांचा डबा, जो ताकद दोन्हींत वाटतो आणि वळणावर त्यांना वेगळ्या गतीने फिरू देतो) कोणतं ऑइल आहे आणि ते शेवटचं कधी बदललं हे विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर येत नाही. इंजिनाची सगळी ताकद चाकांपर्यंत पोचण्याआधी ज्या दोन दातेरी चाकांतून जाते, ती जेमतेम लिटरभर ऑइलवर जगत असतात. त्या लिटरभराकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही.

डिफ अचानक गेलं असं लोक म्हणतात. मला ते फारसं पटत नाही. झटक्याने दात तुटल्याची उदाहरणं आहेत, पण बहुतेक डिफ हळूहळू मरतात. त्याच्या खुणा आधी ऑइलमध्ये आणि ड्रेन प्लगच्या (ऑइल सोडायच्या बुचाच्या) चुंबकावर दिसतात, आवाज त्यानंतर येतो. म्हणून कोणत्या कंपनीचं ऑइल चांगलं या वादापेक्षा तीन गोष्टींना मी जास्त मान देतो: योग्य प्रकार, योग्य लेव्हल, आणि वेळच्या वेळी प्लग उघडून बघणं.

हा लेख मुख्यतः मागची चाकं किंवा चारही चाकं ओढणाऱ्या गाड्यांसाठी आहे. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्या, फोर्ड मस्टँग, सुबारू डब्ल्यूआरएक्स अशा गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांबद्दलही जाता जाता येईलच.

आत काय चाललेलं असतं

आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला क्राउन-पिनियन म्हणतात (शाफ्टच्या टोकाचं लहान दातेरी चाक म्हणजे पिनियन, ते ज्याला फिरवतं ते मोठं म्हणजे क्राउन) ती जोडी बहुतेक अशा गाड्यांत हायपॉइड प्रकारची असते. पिनियन क्राउनच्या बरोबर मध्यावर न येता थोडा खाली बसतो. अमेरिकेतल्या ग्लीसन वर्क्सने ही रचना विकसित केली आणि १९२६ साली पॅकार्ड या मोटार कंपनीने ती मोटारीत आणली. प्रॉपेलर शाफ्ट खाली गेला, गाडी बुटकी झाली, दात मोठे आणि मजबूत झाले, आवाज घटला. पण त्याची किंमत ऑइलला मोजावी लागली. साध्या गिअरमध्ये दात एकमेकांवर बऱ्याच अंशी लोळतात. हायपॉइडमध्ये ते प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घासत सरकतात. अशा दाबाखाली ऑइलचा थर फाटतो आणि लोखंडाला लोखंड भिडायला लागतं.

तिथे गंधक आणि फॉस्फरसची संयुगं कामाला येतात. दात तापले की ही रसायनं धातूशी अभिक्रिया करून पृष्ठभागावर अतिशय पातळ थर तयार करतात. घासला जातो तो हा थर, दात शाबूत राहतो. थर झिजतो, पुन्हा तयार होतो, आणि त्यात ऑइलमधला साठा हळूहळू खर्च होत जातो. गिअर ऑइलला जो उग्र, कपड्याला लागला तर दोन-तीन धुण्यांतही न जाणारा वास असतो, तो या गंधकाचा. ऑइल 'संपतं' म्हणजे नेमकं काय, ते इथे कळतं. लेव्हल पूर्ण असली तरी ते आतून रिकामं झालेलं असू शकतं.

आता उष्णतेचा हिशेब बघा. हायपॉइड जोडीत साधारण ३ ते ५ टक्के ताकद उष्णतेत जाते. ३०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे २२४ किलोवॅट. त्याचे ४ टक्के म्हणजे जवळपास ९ किलोवॅट. घरातला गीझर साधारण २ किलोवॅटचा असतो. पूर्ण थ्रॉटलवर लिटरभर ऑइलात चार-साडेचार गीझर एकदम चालू असल्यासारखं हे आहे. शहरात पूर्ण थ्रॉटल काही सेकंदच टिकतो, म्हणून डिफ तरून जातं. ट्रॅकवर तो पुन्हा पुन्हा येतो आणि थंड व्हायला वेळ मिळत नाही.

आधी आपल्या गाडीत कोणतं डिफ आहे ते शोधा

ऑइलचा डबा घ्यायच्या आधीची ही पायरी आहे आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. मालकाचं पुस्तक, सर्व्हिस मॅन्युअल, किंवा डिफच्या हाऊसिंगवरचा (बाहेरच्या कवचावरचा) छोटा पत्रा किंवा स्टिकर, यांतून चारपैकी कोणता प्रकार आहे ते ठरवा.

साधं ओपन डिफ असेल तर काम सोपं. त्यात स्पायडर गिअर (दोन चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणारी छोटी दातेरी चाकं) असतात, क्लच नसतो. जीएल-५ प्रतीचं (प्रतींबद्दल खाली लिहिलंय), सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल पुरतं.

क्लच प्लेटांचं लिमिटेड स्लिप डिफ (एक चाक फुकट फिरायला लागलं तर त्याला आवर घालणारं) असेल, तर ऑइलात घर्षण सुधारणारं द्रव्य, म्हणजे फ्रिक्शन मॉडिफायर लागतं. याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

टॉर्सेन किंवा हेलिकल प्रकारचं लिमिटेड स्लिप डिफ दात्यांच्या घर्षणावरच काम करतं. त्याला मॉडिफायर सहसा लागत नाही. उलट टाकलं तर ज्या घर्षणावर त्याची पकड अवलंबून आहे तेच कमी होतं.

चौथा प्रकार इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या क्लचचा. ऑक्टाव्हिया व्हीआरएस २४५ किंवा गोल्फ जीटीआयच्या पुढच्या ऍक्सलवर हा असतो, आणि हॅल्डेक्स पद्धतीच्या, म्हणजे गरज पडली की क्लचने मागच्या चाकांनाही ताकद देणाऱ्या, चार-चाक गाड्यांत मागे असतो. या क्लचचं ऑइल वेगळं असतं आणि डिफच्या दात्यांचं वेगळं. एकाच हाऊसिंगला दोन-तीन प्लग दिसले की आधी मॅन्युअल उघडा. हॅल्डेक्सच्या पाचव्या पिढीत बदलता येणारा फिल्टर नाही. पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी आहे, ती क्लचच्या भुकटीने तुंबते आणि पंप जळतो. नुसतं ऑइल बदलून भागत नाही, पंप काढून जाळी साफ करून घ्यावी लागते. सर्व्हिसला गाडी दिली तर ही जाळी काढली का, एवढं नक्की विचारा.

पुढची चाकं ओढणाऱ्या आणि इंजिन आडवं बसवलेल्या गाडीत डिफ गिअरबॉक्सच्याच पोटात असतं. तिथे हायपॉइड जोडी नसते, आणि ऑइलही गिअरबॉक्सचंच. अशा गाडीत 'जास्त भारी' म्हणून जीएल-५ ओतू नका. कारण खाली येतंच आहे.

डब्यावरची अक्षरं

डब्यावर दोन गोष्टी बघायच्या: दर्जा आणि जाडी.

दर्जा म्हणजे जीएल-४, जीएल-५ वगैरे. आकडा मोठा म्हणजे ऑइल चांगलं, असा समज सर्रास आहे. तो चुकीचा आहे. या दोन वेगवेगळ्या कामांच्या प्रती आहेत. जीएल-५ मध्ये दात वाचवणारी रसायनं बरीच जास्त असतात, ती हायपॉइड डिफसाठी. मॅन्युअल गिअरबॉक्समधल्या सिंक्रोनायझर रिंगा (गिअर टाकताना दात्यांची गती जुळवणाऱ्या) मात्र बऱ्याचदा पितळेच्या किंवा ब्राँझच्या असतात, आणि तापलेल्या ऑइलातलं सक्रिय गंधक तांब्याच्या मिश्रधातूंना खातं. शिवाय जीएल-५ मधल्या द्रव्यांनी सिंक्रोची पकड बिघडते आणि गिअर टाकताना खरखर सुरू होते. म्हणून बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्सला जीएल-४ आणि हायपॉइड डिफला जीएल-५.

पण हा नियम डोळे झाकून लावायचा नाही. सुबारूच्या मॅन्युअल गिअरबॉक्सच्या पोटातच पुढचं हायपॉइड डिफ आहे आणि दोघांना एकच ऑइल. त्यामुळे तिथे कंपनी जीएल-५ सांगते. तिथे 'गिअरबॉक्स म्हणजे जीएल-४' म्हणून ऑइल बदललं तर पुढचं डिफ मरतं. गाडीच्या पुस्तकाला फाटा देऊन सर्वसाधारण नियम लावला की असं होतं.

जीएल-५ च्या पुढची पायरी हवी असेल तर डब्यावर एसएई जे२३६० शोधा. ही अमेरिकन लष्करी मानकातून आलेली, अधिक कडक चाचण्यांची प्रत आहे. मी दोन डब्यांत अडकलो की ज्यावर जे२३६० ची मान्यता आहे तो उचलतो.

आता जाडी. ७५डब्ल्यू-९० मधला ९० हा आकडा बघून हे इंजिन ऑइलच्या दुप्पट घट्ट असेल असं वाटतं. तसं नाही. गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे. १०० अंशांना ९० ग्रेडची जाडी १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्समध्ये (हे ऑइलच्या जाडीचं एकक) बसते, म्हणजे साधारण ४० किंवा ५० ग्रेडच्या इंजिन ऑइलएवढी. ११० ग्रेड १८.५ ते २४, आणि १४० ग्रेड २४ ते ३२.५.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. ७५डब्ल्यू उणे ४० अंशांपर्यंत वाहतं, ८०डब्ल्यू उणे २६ पर्यंत, ८५डब्ल्यू उणे १२ पर्यंत. महाराष्ट्रात यातलं कुठलंही चालतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसले म्हणून ८०डब्ल्यू गोठत नाही. हिवाळ्यात लडाख किंवा स्पितीला जाणाऱ्यांनी मात्र ७५डब्ल्यूच घ्यावं. मग इथे ७५डब्ल्यूचं महागडं सिंथेटिक घ्यायचं कशाला? उष्णतेसाठी. सिंथेटिक तापल्यावर लवकर पातळ होत नाही, लवकर जळत नाही. आपल्याला थंडीतला फायदा नको असला तरी उन्हाळ्यातला आणि ट्रॅकवरचा हवा असतो.

९० घ्यायचं की १४०?

कंपनीने ७५डब्ल्यू-९० सांगितलं असेल आणि गाडी रस्त्यावरच चालत असेल, वीकेंडला लोणावळा, कधी आंबोली, तर ७५डब्ल्यू-९० सिंथेटिकच ठेवा. जाड ऑइल जास्त सुरक्षित असतं असं नाही. क्राउन ऑइलात बुडून फिरताना ते घुसळतो. जितकं जाड तितकी घुसळणीची उष्णता जास्त, मायलेज कमी, आणि सकाळी थंड असताना पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत ऑइल पोचायला उशीर. हे बेअरिंग क्राउनने उडवलेल्या ऑइलावर जगतं, त्यामुळे लेव्हल कमी झाली किंवा ऑइल वाहायला नाखूष असलं की पहिला उपाशी राहतो तो हाच.

वर्षातून काही वेळा कोइम्बतूरच्या कारी किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जात असाल, इंजिन रिमॅप केलं असेल (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली असेल), आणि कंपनीने ट्रॅकसाठी जाड ग्रेडला परवानगी दिली असेल, तर ७५डब्ल्यू-११० किंवा ७५डब्ल्यू-१४० कडे जावं. बऱ्याच एम गाड्यांच्या लॉकिंग (लिमिटेड स्लिप) डिफला कंपनीचंच ऑइल ७५डब्ल्यू-१४० आहे, तिथे प्रश्नच नाही. मधल्या ११० ग्रेडकडे आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही. रस्ता आणि ट्रॅक दोन्ही करणाऱ्या गाडीला तो मला सर्वांत समजूतदार वाटतो.

मालाच्या खरेपणाबद्दल एकच सांगतो. गिअर ऑइल सुटं घेऊ नका. सीलबंद डबा, बॅच क्रमांक दिसणारा, बिलासकट, आणि तो आपल्यासमोर फोडायला सांगा.

क्लचवाल्या डिफचं मॉडिफायर

क्लच प्लेटांच्या डिफमध्ये नुसतं जीएल-५ भरलं, तर पार्किंगमधून पूर्ण स्टिअरिंग वळवून बाहेर पडताना मागून थरथर आणि 'कट-कट-कट' असा आवाज येतो. वळणावर आतलं आणि बाहेरचं चाक वेगळ्या गतीने फिरतात, तेव्हा प्लेटांनी मऊपणे घसरायला हवं. मॉडिफायर नसेल तर त्या पकडतात, सुटतात, पुन्हा पकडतात. लोकांना वाटतं डिफ गेलं. दुरुस्तीचा मोठा आकडा सांगितला जातो आणि दोष असतो एका लहान बाटलीचा.

काही ऑइलांत हे द्रव्य आधीच असतं, डब्यावर 'एलएस' किंवा 'लिमिटेड स्लिप' लिहिलेलं असतं. नसेल तर बाटली वेगळी घ्यायची. अमेरिकन गाड्यांत साधारण ११८ मिली लागतं. पण एकदम सगळं ओतू नका. आधी मॅन्युअलमधलं प्रमाण बघा. एलएस ऑइल भरूनही थरथर असेल तर ३० मिली घाला, रिकाम्या मैदानात आठच्या आकड्यात आठ-दहा हळू फेऱ्या मारा म्हणजे नवं ऑइल प्लेटांच्या मध्ये जाईल, आणि मग ठरवा. जास्त झालं तर प्लेटा घसरतच राहतात, लिमिटेड स्लिप नावालाच उरतं, आणि वळणातून बाहेर पडताना आतलं चाक फुकट फिरायला लागतं.

ऑइल बदलायची पद्धत

लिफ्ट किंवा पिट असलेल्या ठिकाणी हे काम अर्ध्या तासाचं आहे. घरी करणार असाल तर चारही बाजूंना स्टँड लावून गाडी सपाट करा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका. गाडी सपाट असणं महत्त्वाचं आहे, कारण लेव्हल फिलर प्लगच्या (ऑइल भरायच्या बुचाच्या) भोकावर मोजली जाते. मागची चाकं तेवढी उचलून भरलं, तर भोक हाऊसिंगच्या पुढे आहे की मागे त्यानुसार ऑइल कमी तरी पडतं किंवा जास्त तरी होतं. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये हे सतत घडतं.

आधी गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा. कोमट ऑइल तळाची घाण घेऊन बाहेर येतं. ट्रॅकवरून थेट आणून उघडू नका, हात भाजेल.

मग प्लगांभोवतीची माती ब्रशने आणि कापडाने साफ करा. आधी फिलर प्लग सैल करा, मगच ड्रेन प्लगला हात लावा. याला पर्याय नाही. खालचा उघडून सगळं ऑइल सांडलं आणि वरचा गंजून अडकलेला निघाला, तर गाडी आहे तिथेच अडकली. प्लगला बरोबर मापाचा एलन किंवा चौकोनी पाना लावा. थोडा सैल बसणारा पाना ऍल्युमिनियमच्या हाऊसिंगमधला प्लग गोल करून टाकतो, आणि तो काढायला मग वेल्डर बोलवावा लागतो.

खाली स्वच्छ ट्रे ठेवा. 'स्वच्छ' मुद्दाम म्हणतोय, कारण निघालेलं ऑइल तपासायचं आहे. किती निघालं तेही मापा. एक लिटर बसणाऱ्या डिफमधून ६५० मिली निघालं, तर उरलेलं कुठेतरी गळलं आहे. ते शोधल्याशिवाय नवं भरून उपयोग नाही.

चुंबकी प्लग पुसण्याआधी फोटो काढून ठेवा. ड्रेन प्लगला नवा वॉशर लावा आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. सिरिंज पंपाने भोकाच्या खालच्या काठापर्यंत ऑइल भरा. काठावरून बारीक धार लागली की थांबा, पाच मिनिटं वाट बघा, पुन्हा थोडं बसतंय का ते बघा, मग फिलर बंद. मॅन्युअलमध्ये लेव्हल काठाच्या काही मिलिमीटर खाली सांगितली असेल तर तेवढीच ठेवा. जास्त भरलं तर फेस होतो, ब्रीदरमधून (आतली हवा जाण्या-येण्याच्या वाटेतून) ऑइल बाहेर येतं, आणि एखाद्या वेळी सीलमधूनही.

जुनं ऑइल गटारात किंवा मातीत ओतायचं नाही. बाटलीत भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या अधिकृत ठिकाणी द्या.

निघालेलं ऑइल वाचणं

या सगळ्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हा.

ट्रे उजेडात न्या, वाकडा करा आणि पृष्ठभागावर टॉर्च तिरपा मारा. चुंबकावर जे जमलंय ते बोटांच्या चिमटीत घ्या. करड्या रंगाचा मऊ लगदा, लोण्यासारखा, बोटांत काही टोचत नाही: ही नेहमीची झीज आहे, काळजी नको. पहिल्या सर्व्हिसला तो जास्तच असतो. एम गाड्यांच्या पहिल्या २००० किलोमीटरच्या सर्व्हिसमध्ये इंजिन ऑइलबरोबर डिफचंही ऑइल बदलतात ते याच कारणाने. तुमच्या गाडीला कंपनीने असं काही सांगितलं नसलं, तरी नव्या गाडीचं पहिलं डिफ ऑइल लवकर काढावं असं माझं स्पष्ट मत आहे. क्राउन-पिनियन एकमेकांत बसताना निघालेलं लोखंड पुढची लाखभर किलोमीटरं बेअरिंगमधून फिरवत ठेवण्यात काही अर्थ नाही.

लगद्यात चकचकीत कपचे असतील, नखावर घेऊन दिसतील एवढे, तर दाताचा किंवा बेअरिंगचा पृष्ठभाग सुटायला लागला आहे. सुईसारखे तुकडे बहुतेकदा बेअरिंगचे. ओळखता येईल असा तुकडा, दाताचा कोपरा, सापडला तर नवं ऑइल भरून घरी जायचं नाही. गाडी टो करून न्या.

ऑइल काळं आणि त्यात बारीक काळी भुकटी, पण चकाकी नाही: क्लच प्लेटांची झीज असू शकते. थोडी ठीक, घट्ट काळा गाळ असेल तर प्लेटा संपत आल्या आहेत. जळका, कडवट वास आला तर ऑइल खूप तापलं होतं. दुधाळ, चहासारखा रंग म्हणजे पाणी.

शंका असेल तर ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत देता येतो. लोह, तांबं आणि सिलिकॉन किती, पाणी आहे का, ते कळतं. सिलिकॉन वाढलेलं असेल तर धूळ-माती आत जाते आहे.

पावसाळा आणि ब्रीदर

जुलैत अंधेरीच्या सबवेत किंवा पुण्याच्या एखाद्या नाल्याकाठच्या रस्त्यावर टायरच्या अर्ध्याइतकं पाणी असतं, आणि गाडी तासभर हायवेवर चालून आलेली असते. डिफचं हाऊसिंग ८०-९० अंशांवर आहे. ते पाण्यात बुडालं की एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. तो रस्ता म्हणजे ब्रीदर, किंवा ऍक्सलच्या सीलचा ओठ. आत हवेऐवजी पाणी जातं. काही चमचे पाणी पुरेसं आहे. बेअरिंगच्या रोलरवर गंजाचा ठिपका पडतो, आणि दोन-तीन महिन्यांनी त्याच ठिपक्यापासून गुणगुण सुरू होते. तोवर पाण्याची आठवणही राहिलेली नसते.

म्हणून पावसाळ्याच्या आधी ब्रीदर तपासा. हाऊसिंगच्या वर छोटी टोपी किंवा नळी असते. टोपी बोटाने हलली पाहिजे. मातीने बुजलेली असेल तर आतला दाब सील ढकलून बाहेर काढतो, आणि मग लोक सील बदलत बसतात. नवं सील घातलं तरी ब्रीदर बुजलेलाच असल्यामुळे तेही गळतं. खोल पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच आठवड्यात फिलर प्लग उघडून बोट घालून बघा. रंग दुधाळ दिसला तर तिथल्या तिथे ऑइल बदला. थोडं चालवून पुन्हा एकदा बदला, कारण पहिल्या वेळी सगळं पाणी निघत नाही.

उष्णता, टायर आणि पाय

हायवेवर डिफ ८० ते १०० अंशांच्या आसपास राहतं. ट्रॅकवर १३० च्या वर सहज जातं. ऑइलचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट होतो असा ढोबळ नियम आहे, आणि साधे नायट्राइल सील १२० च्या आसपास कडक व्हायला लागतात. म्हणून ट्रॅकवर मापन करा. इन्फ्रारेड थर्मामीटर स्वस्त आहे, पण उघड्या ऍल्युमिनियमवर तो चक्क खोटं तापमान दाखवतो, खऱ्यापेक्षा बरंच कमी. हाऊसिंगवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा. १३० दिसलं की पुढची लॅप थंड करण्यासाठी सावकाश मारा. नेहमी असंच होत असेल तर पंख असलेलं मोठं कव्हर किंवा पंपासकट कूलर यांचा विचार करा. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीचं ऑइल दोन-तीन ट्रॅक-डेनंतर बदललेलं बरं. रस्त्यावरच्या गाडीला ४०-५० हजार किलोमीटर किंवा चार वर्षं, जे आधी येईल ते. 'लाइफटाइम फिल' असं लिहिलं असेल तरी मी हाच हिशेब लावतो.

टायरचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एकाच ऍक्सलवर एक नवा आणि एक झिजलेला टायर असेल, तर दोन चाकांचा घेर वेगळा. सरळ रस्त्यावरही डिफ सतत वळणावर असल्यासारखं काम करतं, क्लच प्लेटा सतत घसरतात. चार-चाक गाडीत पुढचे-मागचे टायर असे वेगळे असले तर मधला क्लच तापत राहतो. टायर जोडीने बदला. अरुंद स्टेपनी लावून मुंबई-पुणे करू नका, पंक्चर काढण्यापुरतंच तिच्यावर चाला.

आणि पाय. ओपन डिफमध्ये एकच चाक चिखलात किंवा रेतीवर फिरत राहिलं, तर स्पायडर गिअर प्रचंड वेगाने आपल्या पिनवर फिरतात. तिथे रोलर बेअरिंग नसतं, नुसता धातू पिनवर घासतो. अलिबागच्या वाळूत पाचेक मिनिटं ऍक्सिलरेटर दाबून धरल्याने असं डिफ चिकटू शकतं. लॉन्च घेताना, म्हणजे उभी गाडी पूर्ण ताकदीने सोडताना, मागची चाकं उड्या मारत असतील तर लगेच पाय काढा. चाक हवेत मोकळं फिरून पुन्हा जमिनीला चिकटतं, त्या क्षणी दातांवर येणारा धक्का इंजिनाच्या ताकदीपेक्षा कितीतरी मोठा असतो. वारंवार होत असेल तर सबफ्रेमचे आणि डिफचे रबरी बुश आधी बदला, ताकद नंतर वाढवा.

आवाज ओळखताना

१०० च्या वेगाला चाक मिनिटाला साधारण ८३० फेरे मारतं. डिफचा रेशो ३.१५ असेल (चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे ३.१५ फेरे) तर पिनियन २६०० च्या वर. म्हणून पिनियनच्या बेअरिंगचा आवाज चाकाच्या बेअरिंगपेक्षा वरच्या पट्टीत लागतो.

ऍक्सिलरेटर दिल्यावरच गुणगुण येत असेल तर क्राउन-पिनियनची पुढे ओढणारी बाजू तपासा. पाय काढल्यावर, खंडाळ्याच्या उतारावर इंजिन ब्रेकिंगला येत असेल, तर दातांची दुसरी बाजू किंवा पिनियनची सैल झालेली बेअरिंग. पायाशी संबंध नसलेली एकसारखी घरघर येत असेल तर आधी चाकाची बेअरिंग बघा: डावी-उजवी सावकाश वळवताना आवाज बदलला तर ती चाकाची. डी मधून आर मध्ये टाकताना 'ठक' होत असेल तर शाफ्टचे क्रॉस, बुश आणि मग बॅकलॅश (क्राउन-पिनियनच्या दातांमधली मोकळीक), या क्रमाने. बॅकलॅश डायल गेजने मोजतात, बऱ्याच डिफमध्ये तो ०.१० ते ०.२५ मिलिमीटरमध्ये असतो, नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्या. हाताने हलवून 'थोडा प्ले आहे' असं सांगणाऱ्यावर विसंबून डिफ उघडू नका.

गुणगुण झाकायला जाड ऑइल भरायची पद्धत आहे. आवाज कमी होतो, झीज थांबत नाही, आणि बेअरिंगच्या खर्चात जे भागलं असतं त्यात पुढे क्राउन-पिनियनचीही भर पडते.

नवी क्राउन-पिनियन बसवली तर

जोडी नेहमी जोडीनेच बदला, नुसता पिनियन किंवा नुसता क्राउन नाही. बसवणाऱ्याकडून दातांवर रंग लावून घेतलेल्या संपर्क-ठशाचा फोटो आणि बॅकलॅशचं मोजमाप मागून घ्या. चांगला फिटर ते आनंदाने देतो.

पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं सावकाश चालवा आणि हाऊसिंग हाताला थंड लागेपर्यंत गाडी उभी ठेवा. दातांचा पृष्ठभाग पहिल्यांदा तापून थंड होणं फार महत्त्वाचं असतं. असं तीन-चार वेळा करा. पहिले ८०० किलोमीटर पूर्ण थ्रॉटल, लॉन्च आणि ओझं ओढणं टाळा, एकाच वेगाने लांब हायवेवरही जाऊ नका. ८०० झाले की ऑइल काढा, लगदा बघा, नवं भरा. तारीख, किलोमीटर, ग्रेड आणि मॉडिफायर किती घातलं हे चिकटपट्टीवर लिहून बॉनेटखाली लावून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी जो कुणी प्लग उघडेल त्याला आत काय आहे ते कळेल.